कान्हेरीचा ओढा आणि आमची एक चूक

आषाढ सरून श्रावण लागला कीं उपनगरांतील मंडळींचे पाय घरांत ठरेनासे होतात. चार महिने उन्हानें भाजून निघालेले डोंगर दोन आठवड्यांत हिरवे होतात, त्यांच्या उतारांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा ओघळूं लागतात, आणि मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून त्या रेघा दिसूं लागल्या म्हणजे घरांतील बालगोपाळांस पुस्तकांतील अक्षरें दिसेनाशीं होतात. आम्हीं सदतीस वर्षें अध्यापन केलें आहे. पावसाळ्यांत मुलांचें शरीर वर्गांत आणि चित्त खिडकीबाहेर असतें हें आम्हांस पूर्ण ठाऊक असल्यामुळें त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु यंदाच्या श्रावणांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यामुळें या निर्झरांविषयीं चार शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे असें वाटलें. त्यांत आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे. ती देण्यास फार उशीर झाला हें वाचकांनीं शेवटीं पाहतीलच.

आमचा नातू बारा वर्षांचा आहे. एका शनिवारीं सकाळीं त्याच्या दप्तरांत डबा भरतांना सूनबाईंस तळाशीं एक पंचा आणि कपड्यांचा एक जोड सांपडला. विचारतां विचारतां असें निघालें कीं, शाळा सुटल्यावर चौघां मित्रांनीं परस्पर डोंगरांतील एका धबधब्यावर जावयाचा बेत केला होता. वाट त्यांना मोबाईलवरील एका चित्रफितींत मिळाली होती. त्यांत कांहीं तरुण कड्यावरून डोहांत उड्या टाकीत होते आणि खालीं टाळ्यांचा कडकडाट चालला होता. घरीं सांगावयाचें नाहीं, असें चौघांचें ठरलें होतें.

पुढें जें व्हावयाचें तें झालें. सूनबाई रडल्या, चिरंजीवांनीं आवाज चढविला, मोबाईल कपाटांत गेला, आणि मुलगा न जेवतां भिंतीकडे तोंड करून निजला. रात्रीं आमच्या सौभाग्यवतीनें दिवा मालवतांना म्हटलें, “अहो, तुम्ही त्याला ती गोष्ट कां सांगत नाहीं?”

“कोणती?”

“कोणती तें तुम्हांला ठाऊक आहे.”

आम्हांस ठाऊक होतें. ती गोष्ट जवळजवळ चाळीस वर्षें आम्हां दोघांवांचून घरांत कोणासही माहीत नव्हती. आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण सकाळीं उठल्याबरोबर चिरंजीवांस सांगितलें कीं, ज्या मुलाला पाण्याची ओढ लागली आहे त्याला नुसतें ‘नको’ म्हणून भागत नाहीं. त्याला पाणी दाखविलें पाहिजे, पण वडीलधाऱ्यांच्या संगतींत आणि योग्य ठिकाणीं. त्याच रविवारीं आम्ही सर्व मंडळी कान्हेरीस निघालों.

मुलुंडहून बोरीवलीस जावयाचें म्हणजे मधल्या डोंगराला वळसा घालावा लागतो, आणि तो डोंगर म्हणजेच आमचें गन्तव्य. बोरीवली स्टेशनाच्या पूर्वेस थोडें चाललें कीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें द्वार लागतें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें अरण्य मुंबई उपनगर आणि ठाणें या दोन जिल्ह्यांत पसरलें आहे. एवढ्या मोठ्या नगरीच्या अंगांत इतकें मोठें अरण्य जिवंत असणें ही जगांतील विरळा गोष्ट होय. २०१८ सालच्या गणनेंत या उद्यानांत आणि भोंवतालच्या वनांत ४७ बिबटे मोजले गेले. विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच डोंगरांत आहेत. विहार १८६० सालीं पुरा झाला आणि तुळशी १८७९ सालीं. दोन्हींचें पाणी मुंबई आजही पिते. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चार नद्यांचा उगमही याच डोंगरांच्या कुशींतला. उपनगरांत येतांच त्या नद्यांचे नाले होतात. परंतु तो दोष डोंगराचा नव्हे. तो आपला आहे.

द्वारापासून कान्हेरीचीं लेणीं सहा-सात किलोमीटर दूर आहेत. ज्यांस चालवत नाहीं त्यांच्यासाठीं बसची सोय आहे. जातांना सौ. आणि लहान नात बसमध्यें बसल्या; आम्ही, चिरंजीव, सूनबाई आणि नातू पायीं निघालों. रस्ता डांबरी आहे, पण दुतर्फा झाडी दाट. साग फुलण्याच्या बेतांत होता; त्याच्या सुपाएवढ्या पानांवर पावसाचे थेंब पडत तेव्हां कोणी दूर ताशा वाजवीत आहे असें वाटे. ऐन, पळस, कुडा, बांबूचीं बेटें अशीं झाडें ओळखीत आम्ही चाललों. कुडा म्हणजे संस्कृतांतील कुटज. कालिदासाच्या यक्षानें मेघाचें स्वागत याच झाडाच्या ताज्या फुलांनीं केलें, हें आम्हीं नातवास सांगितलें. त्यानें मान हालविली, पण शब्द उच्चारला नाहीं. पुढें उतारावर कारवीचें रान लागलें. ही वनस्पति सात वर्षें मुकाट्यानें वाढते, आठव्या वर्षीं सगळें रान एकदम जांभळें करून टाकते, आणि बीं धरून वाळून जाते. या डोंगरांत २०१६ सालीं आणि नंतर २०२४ सालीं ती फुलली. याच कारवीच्या काठ्या विणून त्यांवर शेणमातीचा हात फिरविला म्हणजे वारली लोकांच्या घराचा कूड तयार होतो. हें सांगतांना आमचा आवाज किंचित् अडखळला. कां, तें पुढें येईल.

कान्हेरी हें नांव कृष्णगिरि या नांवाचा अपभ्रंश होय. शंभराहून अधिक लेणीं एका डोंगरांत कोरलेलीं असें दुसरें स्थळ दाखविणें कठीण. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास आरंभ झालेलें हें काम पुढें सुमारें हजार वर्षें चालू राहिलें. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहांत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या काळचा लेख आहे. तेथील ओसरींत दोहों बाजूंस उभ्या असलेल्या बुद्धमूर्ति इतक्या उंच आहेत कीं, आमची नात त्यांच्या पावलांशीं उभी राहून “आजोबा, यांचें डोकें दिसत नाहीं” असें म्हणाली. कल्याण, सोपारें, नाशिक येथील व्यापारी आणि गृहस्थ यांनीं दिलेल्या दानांचे लेख भिंतीभिंतींवर आहेत. नव्वदाव्या लेण्यांत तर इ. स. १००९ आणि १०२१ या सालीं येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें पहलवी लिपींत कोरून ठेविलीं आहेत. तें ऐकून नातवाची मिठी प्रथमच सुटली. तो म्हणाला, “म्हणजे सहलीला येऊन भिंतीवर नांवें लिहिणारे तेव्हांही होते!” आम्ही हंसलों. मात्र हजार वर्षांपूर्वींचें नांव इतिहास ठरतें आणि आज कोरलेलें नांव गुन्हा ठरतें, हेंही त्यास सांगून ठेविलें. तेथें खिळे आणि चाव्या घेऊन फिरणारे मोठे लोकही कमी नव्हते.

तथापि, आमच्या मतें कान्हेरीचें खरें वैभव मूर्तींत नसून पाण्याच्या योजनेंत आहे. बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशीं खडकांत कोरलेलें एक टांकें आहे. शिलालेखांतील प्राकृतांत त्याला ‘पोढि’ म्हणतात. माथ्यावरचें पावसाचें पाणी बारीक पन्हळ्यांनीं गोळा होऊन या पोढींत उतरतें. एकानें लेणें दिलें, दुसऱ्यानें पोढि दिली, तिसऱ्यानें भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं अक्षयनीवि, म्हणजे ज्याचें मूळ द्रव्य कधीं मोडावयाचें नाहीं अशी ठेव, दिली. आपल्याकडे जसा चातुर्मास, तसा भिक्षूंचा वर्षावास. पावसाचे महिने त्यांनीं एकाच जागीं काढावयाचे असत. आतां पाहावें कीं, ऐन पावसाळ्यांत शेंकडों माणसें या डोंगरांत राहात होतीं, आणि मधोमध ओढा गर्जत होता. परंतु एकही लेणें ओढ्याच्या पात्रांत कोरलेलें नाहीं. सर्व वरच्या अंगास, कोरड्या खडकांत. पाणी प्यावयाचें तें टांक्याचें. ओढ्याकडे पाहावयाचें तें दुरून. डोंगरांतील पाणी कसें वागतें हें त्या लोकांस कळलें होतें.

तो ओढा दोन टेकाडांच्या मधल्या घळींतून उतरतो. उन्हाळ्यांत तेथें कोरडे धोंडे असतात. श्रावणांत तोच काळ्या पायऱ्यांवरून फेंसाळत, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर उडी टाकीत जातो. आम्ही पोंचलों तेव्हां पाऊस थांबला होता आणि ऊन पडलें होतें. पाणी स्वच्छ होतें. काठाशीं दोन पहारेकरी शिट्ट्या घेऊन उभे होते, आणि पात्रांत उतरूं पाहणाऱ्या तरुणांस मागें घेत होते. एक तरुण त्यांच्याशीं हुज्जत घालीत होता: “घोट्याएवढें तर पाणी आहे!”

आमचा नातू आमच्याकडे पाहून म्हणाला, “खरेंच तर आहे, आजोबा. घोट्याएवढेंच आहे.”

तेव्हां आम्ही एका लेण्याच्या कोरड्या ओट्यावर त्याला जवळ बसविलें, आणि सर्वांच्या देखत ती गोष्ट सांगितली. ती वाचकांसही सांगतों.

१९८७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत आम्ही सातवीच्या ४२ मुलांची सहल घेऊन याच डोंगराच्या मुलुंडकडील अंगास गेलों होतों. बरोबर आणखी एक शिक्षक होते. सहल पायथ्याच्या देवळापर्यंतच न्यावयाची असें शाळेंत ठरलें होतें. पण आमचें वय एकोणतीस, अंगांत रग, आणि मुलांत लोकप्रिय होण्याची हौस. वर एक धबधबा आहे हें आम्हांस माहीत होतें. आम्ही मुलांना तेथें नेलें. त्या वाटेचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. तें वाचून कोणी तिकडे जावें असें आम्हांस वाटत नाहीं.

धबधब्याखालीं ओढ्याच्या मधोमध एक मोठा सपाट खडक होता. पाणी घोट्याएवढें. मुलें हातांत हात धरून खडकावर गेलीं, डबे उघडले गेले, गाणीं सुरू झालीं. डोक्यावर ऊन होतें. थोड्या वेळानें पलीकडच्या काठावर रानभाजीची पाटी डोक्यावर घेतलेली एक वारली बाई आणि तिचा तरुण मुलगा येऊन उभे राहिले. ती ओरडून म्हणाली, “मास्तर, पोरांना वर काढा. वरती पाऊस लागलाय.”

आम्हीं वर पाहिलें. आकाश निळें होतें. आम्ही म्हणालों, “हो, हो, जेवणें आटोपलीं कीं निघतोंच.”

ती म्हणाली, “पाण्याकडं बघा.”

आम्हीं पाहिलें. पाणी चहाच्या रंगाचें झालें होतें आणि त्यांतून वाळकीं पानें व काटक्या येऊं लागल्या होत्या. आम्हांस त्याचा अर्थ कळला नाहीं. संस्कृतांत जलप्रवाहाला किती शब्द आहेत हें आम्हीं सांगितलें असतें. पण त्या क्षणीं पाणी काय सांगत होतें तें वाचतां आलें नाहीं, आणि जिला वाचतां येत होतें तिचें आम्हीं ऐकलें नाहीं.

पांच मिनिटांत घोट्याचें पाणी गुडघ्याला लागलें. आम्ही दोघांनीं मुलांची सांखळी करून त्यांना काठावर काढलें. सर्व आलीं असें वाटून मोजावयास आरंभ केला. मोजणी एकेचाळीसच भरली. दुसऱ्यांदा मोजली, एकेचाळीस. तेवढ्यांत खडकावर तो दिसला. आपला स्टीलचा डबा विसरला म्हणून परत गेला होता. आम्ही हांक मारली, त्यानें पाऊल टाकलें, आणि तो दिसेनासा झाला.

आम्ही काठाकाठानें धांवत सुटलों, निरर्थक ओरडत. तो वारली तरुण मात्र आमच्या आधींच धांवत निघाला होता. त्यानें मुलाच्या मागोमाग पाण्यांत उडी टाकली नाहीं. तो पुढें गेला, जेथें ओढा वळण घेतो आणि पाणी काठाच्या झाडांच्या मुळांत थबकतें तेथें, आणि एका मुळाला हातानें घट्ट धरून कमरेएवढ्या पाण्यांत उभा राहिला. मुलगा वाहात तेथेंच आला. त्यानें त्याच्या सदऱ्याला धरून वर ओढलें. पोटांत पाणी गेलें होतें, कपाळाला खोक पडली होती, पण श्वास चालू होता. बाईनें त्याला पालथें करून पाणी काढलें, आपल्या पदरानें कपाळ पुसलें, आणि पावसांतून त्याला आपल्या झोपडींत नेऊन चुलीपाशीं बसविलें. त्या झोपडीचा कारवीचा कूड आम्हांस अजून दिसतो. आम्हीं त्या तरुणापुढें खिशांतल्या नोटा धरल्या. त्यानें त्यांकडे पाहिलें आणि म्हटलें, “अंधार व्हायच्या आत पोरं घेऊन खाली जा.” आम्हीं त्यांचीं नांवेंही विचारलीं नाहींत.

येथपर्यंत जें झालें तो अविचार होता. पुढें जें केलें तें त्याहून वाईट. उतरतांना आम्हीं त्या मुलाला बाजूस घेतलें आणि सांगितलें, “घरीं काळजी करतील. खडकावर पाय घसरला एवढेंच सांग.” इतर मुलांनींही तेंच सांगावें असें सुचविलें. शाळेस दिलेल्या वृत्तांतांत आम्हीं लिहिलें, ‘सहल सुखरूप पार पडली.’ वाक्य व्याकरणशुद्ध होतें.

गोष्ट संपली तेव्हां कोणी बोललें नाहीं. सूनबाईंनीं नातीला मांडीवर ओढून घेतलें. नातू ओढ्याकडे पाहात होता. मग त्यानें विचारलें, “आजोबा, तुम्हीं त्याला सांगितलें, घरीं सांगूं नकोस. आणि आमचेंही तेंच ठरलें होतें. मग मला एकट्यालाच कां रागावलें सगळ्यांनीं?”

आम्ही आयुष्यभर मुलांस प्रश्न विचारले. या प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. आम्ही म्हणालों, “तुझें बरोबर आहे. चूक दोघांची सारखी. पण तुझी चूक व्हावयाची होती, ती टळली. आमची होऊन गेली, आणि अजून तशीच पडून आहे.”

वाचकांपैकीं ज्यांचीं मुलेंबाळें पावसांत डोंगराकडे जाऊं पाहतात त्यांच्यासाठीं पाण्याचें शास्त्र थोडक्यांत सांगतों. ओट्यावर बसून नातवालाही तेंच सांगितलें.

आपल्याकडील डोंगर काळ्या कातळाचे, उतार तीव्र, आणि वर मातीचा थर पातळ. ज्येष्ठांतील पहिला पाऊस ती माती पिऊन टाकते. श्रावण येईतों मातीची तहान भागलेली असते. मग वर पडलेली प्रत्येक सर तशीच ओढ्यांत उतरते, आणि ओढा कांहीं मिनिटांत फुगतो. म्हणून श्रावण जितका सौम्य दिसतो तितका ओढ्याच्या बाबतींत तो सौम्य नसतो. दुसरें असें कीं, आपल्या डोक्यावर ऊन आहे याचा अर्थ वर पाऊस नाहीं असा होत नाहीं. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशीं त्याच मुंबईंत कुलाब्यास पडलेला पाऊस १०० मिलिमीटरांच्याही आंत होता. एका शहरांत इतका भेद, तर डोंगराच्या माथ्यांत आणि पायथ्यांत तो कां नसावा?

पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळें गुडघ्याएवढें धांवतें पाणी धडधाकट पुरुषासही उभें राहूं देत नाहीं, आणि कातळावर शेवाळ असलें तर त्याहून कमी पाणीही पुरतें. धबधब्याखालच्या डोहाची गोष्ट वेगळी. तेथील फेंसांत हवा मिसळलेली असते. असें पाणी अंगास उचलून धरीत नाहीं, म्हणून पट्टीचे पोहणारेही तेथें बुडतात. शिवाय तळाशीं कोणते धोंडे आहेत हें वरून दिसत नाहीं. मागील वर्षीं नसलेला धोंडा यंदा आलेला असूं शकतो.

पाणी मात्र वाढण्याआधीं सूचना देतें. स्वच्छ पाणी गढूळ होणें, त्यांतून पालापाचोळा येऊं लागणें, ओढ्याचा आवाज जाड होणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें कीं डबा, चप्पल, मोबाईल, सर्व जागींच टाकून काठावर आणि काठावरून उंचावर जावें. कोणी वाहून गेल्यास त्याच्यामागें उडी टाकूं नये. काठानें पुढें धांवावें, दोरी, पंचा, काठी, जें असेल तें पुढें करावें. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यांत एकाच कुटुंबांतील माणसें खडकावर एकमेकांस धरून उभीं होतीं, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेलीं. पांच जण दगावले, त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें बेफाम नव्हतीं. आपण जसे सुट्टीच्या दिवशीं मुलांना घेऊन जातों तशींच तीं आलीं होतीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच कीं, पाणी पाहावयास अवश्य जावें. कान्हेरीसारख्या ठिकाणीं जावें, जेथें वाट बांधलेली आहे आणि पहारा आहे. अरण्यांतील आडवाटा पाहावयाच्या असतील तर उद्यानाच्या परवानगीनें, जाणत्या वाटाड्याबरोबर जावें. सोमवारीं उद्यान बंद असतें हें ध्यानांत ठेवावें. खाण्याच्या पिशव्या झांकून ठेवाव्या, कारण तेथील वानरें आपल्या दशम्यांचीं फार चाहतीं आहेत, आमच्या सौ.च्या हातची एक दशमी त्या दिवशीं कारणीं लागली. आणि मुलांना नेलें नाहीं तर तीं आपली आपण जातील, हें विसरूं नये.

त्या दिवशीं परततांना प्रवेशद्वाराबाहेर रानभाज्या घेऊन बसलेल्या बायका दिसल्या. करटोलीं, टाकळा, भारंगी, फोडशी. सौ.नें सर्व घेतल्या. आमचा हात मात्र पैसे देतांना थबकला. नातवानें तें पाहिलें. घरीं आल्यावर तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही त्या मुलाला पत्र लिहा.”

तो ‘मुलगा’ आतां पन्नाशीकडे झुकला आहे आणि परगांवीं असतो. कांहीं वर्षांपूर्वीं जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत त्यानें आम्हांस वांकून नमस्कार केला आणि हंसत कानाशीं म्हटलें होतें, “सर, घरीं अजून कुणाला माहीत नाहीं बरं का!” आम्हीही हंसलों होतों. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नव्हती. यंदा त्याला आम्हीं चार पानी पत्र लिहिलें. जें घडलें तें लिहिलें, आणि खोटें सांगावयास लावलें याबद्दल विद्यार्थ्याची क्षमा मागितली. वडील निवर्तले आहेत. आई आहेत, त्या ऐंशीच्या पुढच्या. पत्र त्यांना वाचून दाखवावें अशी विनंति केली.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यानें लिहिलें होतें:

‘आईला पत्र वाचून दाखविलें. ती म्हणाली, मला तेव्हांच कळलें होतें. सदरा धुवायला घेतला तर खिशांतून ओंजळभर वाळू निघाली. खडकावर घसरलेल्या पोराच्या खिशांत वाळू कुठून येणार? मी विचारलें नाहीं, कारण तूं घाबरलेला होतास. पण मास्तरांनीं सांगितलें असतें तर मी दुसऱ्याच दिवशीं त्या बाईला लुगडें नेऊन दिलें असतें. तेवढें राहून गेलें.’

पत्र आम्हीं दोनदा वाचलें. आपण लपविलें तें आपली नोकरी आणि आपलें नांव राखण्यासाठीं, एवढेंच इतकीं वर्षें आम्ही समजत होतों. त्या लपविण्यानें एका आईला उपकार मानण्याचा आणि दुसऱ्या आईला तो मान घेण्याचा हक्क आपण हिरावून घेतला, हें आमच्या ध्यानींही आलें नव्हतें.

पुढील आठवड्यांत एक लुगडें टपालानें आलें. हिरवें, जरीच्या बारीक कांठाचें. बरोबर चिठ्ठी नव्हती. तें आमच्या कपाटांत आहे. ती बाई हयात असेल कीं नाहीं, तिचा मुलगा त्याच पाड्यावर असेल कीं कोठें गेला असेल, कांहीं सांगतां येत नाहीं. नांवेंच न विचारल्यामुळें शोध कठीण आहे. दसरा झाला, ओढा आटला आणि वाट सुकली कीं, वनखात्याची परवानगी काढून आम्ही त्या पाड्यावर जाणार आहों. सौ. म्हणते, आपल्या गुडघ्यांचा विचार करा. नातू म्हणतो, तो बरोबर येणार; आणि त्यानें तें आपल्या आईला आधींच सांगून ठेविलें आहे.